महाप्रसादाच्या हिशेबात न आलेला खर्च

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात ‘आरोग्य आणि आपण’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढला आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा. निमंत्रणपत्रिकेत आमच्या नावामागे ‘डॉ.’ छापलं गेलं आहे. ती छापखान्याची कृपा आहे. आम्ही डॉक्टर नाही. बारावीनंतर डिप्लोमा केला आणि गेली एकवीस वर्षं एका शासकीय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. खिडकीतून बाटल्या-डब्या आत घ्यायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, नोंद करायची आणि रिपोर्ट बाहेर द्यायचा, एवढंच आमचं काम. उपचार आमच्या हातात नाहीत. पण त्या खिडकीतून माणसं मात्र पुष्कळ दिसतात.

विषय आहे अन्नातून होणारे जिवाणूंचे आजार आणि त्यांचा खर्च. उत्सवाच्या दिवसांत हे काय काढलंत, असं काहींना वाटेल. इंदूरमध्ये उभं राहून खाण्याविरुद्ध बोलणं म्हणजे तर धाडसच. सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफा, यांच्यामध्ये जो वेळ उरतो त्यात आपण नोकरी-धंदा करतो. आम्हीही त्यातलेच आहोत. खाऊ नका, असं सांगायला आम्ही आलेलो नाही. आपल्याच मंडळातली एक गोष्ट सांगायची आहे. ती आजवर कुठल्याही सभेत निघाली नाही आणि तिच्यात आमचाही दोष आहे.

तीन वर्षांपूर्वीचा महाप्रसाद आठवा. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, मठ्ठा आणि बुंदी. दुपारी बारा ते अडीच पंगती झाल्या, सुमारे चारशे पानं उठली. जेवलेल्यांपैकी कुणालाही काही झालं नाही. मसालेभात मात्र बराच उरला. मोठं पातेलं, वर झाकण, झाकणावर ओलं फडकं. ते तसंच मांडवामागे राहिलं. संध्याकाळची आरती झाली, मुलांचे कार्यक्रम झाले आणि आठच्या सुमारास कुणीतरी म्हणालं, “एवढं अन्न वाया कशाला घालवायचं?” ते कुणीतरी म्हणजे आम्हीच. अन्न हे पूर्णब्रह्म, हे लहानपणापासून ऐकत आलेलो. आम्ही स्वतः डाव हातात घेतला. पंचवीस-तीस डबे आणि पिशव्या भरल्या. भांडी घासायला आलेल्या बायकांना दिल्या, मांडववाल्याच्या पोरांना दिल्या, काही सभासदांनी नेल्या. एक डबा आमच्याही घरी गेला.

रात्री बारानंतर आमच्या वडिलांना उलट्या सुरू झाल्या. वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. पहाटेपर्यंत जुलाबही लागले. सकाळी चौकशी केली तेव्हा कळलं, डबे गेलेल्या नऊ घरांत हाच प्रकार होता.

पुढे जाण्याआधी त्या पातेल्यात काय झालं असावं ते सांगतो, कारण ‘भात तर शिजवलेला होता’ असं आम्हालाही तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू बीजाणूंच्या रूपात असतो. बीजाणू म्हणजे कवच घातलेलं बी समजा. भात शिजताना बाकीचे जिवाणू मरतात, हे बीजाणू तग धरतात. भात कोमट झाला की ते रुजतात. ५ ते ६० अंश सेल्सियस हा जिवाणूंच्या सुगीचा पट्टा. मनासारखी ऊब मिळाली तर काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एकाचे तासाभरात आठ होतात आणि याच गतीने चाललं तर आठ तासांत दीड कोटीच्या वर. मोठं पातेलं मधून लवकर थंड होत नाही, झाकण घातलेलं तर नाहीच. म्हणजे अन्न राखावं म्हणून आपण जे करतो, त्यानेच त्यांची सोय होते. शिवाय या जिवाणूचं उलट्या करवणारं विष एकदा भातात उतरलं की पुन्हा गरम करूनही जात नाही. घरी नेऊन वाफ आणली म्हणजे झालं, ही समजूत इथे उपयोगाची नाही. दुपारी जेवलेले चारशेजण बरे राहिले आणि रात्री जेवलेले आजारी पडले. आचारी तोच, भात तोच. मधल्या आठ तासांचा काय तो फरक.

आता खर्चाकडे वळू. नऊपैकी तीन घरांचा हिशेब आम्हाला नीट माहीत आहे.

पहिलं घर आमचं. वडिलांना दोन दिवस खासगी रुग्णालयात ठेवावं लागलं. वयामुळे आणि गोळ्यांमुळे शरीरातलं पाणी झपाट्याने गेलं, क्रिएटिनिन वाढलं. बिल झालं ११,२०० रुपये. आम्ही सरकारी नोकर, वडील आमच्यावर अवलंबून, म्हणून बिल खात्याकडे पाठवलं. चार महिन्यांनी, तीन शंका निघून, ८,९०० रुपये परत आले. तीन दिवस रजा टाकली, पगार कापला गेला नाही. खिशातून गेले २,३०० रुपये.

दुसरं घर आपल्या एका व्यापारी सभासदांचं. त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा आजारी पडला. चांगल्या रुग्णालयात दोन रात्री, बिल ३८,००० रुपये. विमा कंपनीने ३५,५०० भरले. त्यांच्या खिशातून २,५०० गेले.

तिसरं घर भांडी घासायला आलेल्या एका ताईंचं. त्या आम्हाला दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीत भेटल्या. हातात शौचाच्या नमुन्याची डबी, कडेवर अडीच वर्षांची मुलगी. मुलीचे डोळे खोल गेलेले, रडत होती पण डोळ्यांत पाणी नव्हतं. ताईंनी आम्हाला ओळखलं आणि हसल्या. मुलीला दाखल केलं, तीन दिवस सलाइन लागलं. रुग्णालय सरकारी, खाट फुकट, डॉक्टर फुकट, बिल शून्य. आमच्या खात्याच्या कागदावर हा रुग्ण ‘निःशुल्क’ म्हणून नोंदला गेला.

पंधरा दिवसांनी आम्ही त्यांच्याबरोबर बसून कागदावर हिशेब मांडला. बाहेरून आणलेली औषधं, रिक्षा, घरच्यांचं बाहेरचं खाणं मिळून १,४०० रुपये. नवरा रंगकामाला जातो, त्याचे चार रोज बुडाले, २,००० रुपये. ताई तीन घरी काम करतात. सहा दिवस गेल्या नाहीत म्हणून दोन घरांनी मिळून १,००० रुपये कापले. तिसऱ्या घराने दुसरी बाई लावली. ते घर गेलं ते गेलंच, नवं मिळायला दोन महिने लागले. महिन्याचे २,५०० धरले तर ५,००० रुपये. चार हजारांचं कर्ज काढलं होतं, शेकडा पाच रुपये महिना व्याजाने. पाच महिन्यांत व्याजच १,००० झालं. एकूण १०,४०० रुपये.

म्हणजे जिथे बिल ३८,००० होतं तिथे खिशातून अडीच हजार गेले आणि जिथे बिल शून्य होतं तिथून दहा हजार चारशे गेले. आमचे आणि व्यापारी सभासदांचे मिळून जेवढे गेले, त्याच्या दुपटीहून जास्त त्या एका ताईंनी भरले. आणि त्यांना तो भात आम्ही दिला होता. आम्ही चाचरत तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, “प्रसाद का क्या दोष, भैया. बच्ची का पेट ही कमज़ोर है.” हे वाक्य ऐकल्यावर आम्हाला फार दिवस जेवण गोड लागलं नाही.

हा एका गल्लीतला किस्सा म्हणून सोडून देता आला असता. पण नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं, मोठ्या अभ्यासांतूनही हेच चित्र दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पहिल्यांदा जगाचा अंदाज मांडला. दूषित अन्नामुळे वर्षाला ६० कोटी माणसं आजारी पडतात, ४ लाख २० हजार दगावतात. यात जिवाणूंबरोबर विषाणू, कृमी आणि रसायनंही धरली आहेत. पाच वर्षांखालची मुलं जगाच्या लोकसंख्येत ९ टक्के, पण या मृत्यूंत त्यांचा वाटा ३० टक्के. जागतिक बँकेने २०१८ साली गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशेब काढला. वर्षाचा तोटा ११,००० कोटी डॉलर. त्यात औषधोपचाराचे सुमारे १,५०० कोटी आणि बाकीचे ९,५०० कोटी बुडालेल्या कामाचे, गेलेल्या कमाईचे. दवाखान्याचं बिल हा खर्चाचा लहान भाग. मोठा भाग त्या ताईंच्या गेलेल्या तिसऱ्या घरासारखा, पावती नसलेला.

आपल्या देशातला एक अभ्यास आम्हाला फार बोलका वाटतो. दिल्लीच्या एका झोपडपट्टीत टायफॉइडचा खर्च मोजला गेला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. टायफॉइडचा जिवाणू साल्मोनेला टायफी, तोही अन्नपाण्यातूनच येतो. रक्ताच्या कल्चरने खात्री झालेल्या प्रत्येक आजारपणाचा खर्च सरासरी ३,५९७ रुपये निघाला. ज्यांना दाखल करावं लागलं त्यांचा १८,१३१ रुपये. डॉलर साडेपस्तीस रुपये होता तेव्हाचे हे आकडे आहेत. त्या सरासरी खर्चात १,७३२ रुपये कुटुंबाचे, तर १,८६५ बाहेरचे, म्हणजे मुख्यतः सरकारी तिजोरीचे. याचा अर्थ ‘फुकट’ उपचारातही जवळजवळ अर्धा भार घरावरच होता.

त्यांनी वयोगटही वेगळे केले होते. वस्तीतल्या प्रत्येक माणसामागे टायफॉइडपायी वर्षाला किती खर्च धरावा लागेल? १९ ते ४० वर्षांच्या माणसामागे २ रुपये. शून्य ते दोन वर्षांच्या बाळामागे २५. पाच ते एकोणीस वयाच्या मुलामागे ३२. आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलामागे १५४ रुपये. कमावत्या माणसाच्या सत्त्याहत्तर पट. हे मूल नुकतं चालायला लागलेलं असतं, आईचं दूध सुटलेलं असतं, हाताला येईल ते तोंडात घालतं आणि घरातल्या सर्वांच्या ताटातलं खातं. ताईंची मुलगी याच वयाची होती.

जागेनेही फरक पडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शहरांतल्या मुलांत टायफॉइडचं प्रमाण एक लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते १,१७३ आढळलं, तर पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात फक्त ३५. जिवाणू एकच, पण दाटीची वस्ती आणि तिथलं पाणी यांनी त्याचं बळ वाढतं.

आता आमच्या खिडकीतली एक तक्रार सांगतो. खर्चाचा एक मोठा भाग चुकीच्या तपासणीवर जातो. ताप आला की ‘विडाल करून टाका’ म्हणतात. ही तपासणी १८९६ सालची. स्वस्त आहे, लगेच होते, पण तिच्यावर भरवसा कमी. पूर्वी होऊन गेलेल्या आजारानेही ती उमटते, दुसऱ्या तापानेही उमटते. मग कागदावर ‘टायफॉइड’ लिहून येतं आणि गरीब माणूस सात-आठ दिवस महागडी इंजेक्शनं घेतो. खरी तपासणी रक्ताच्या कल्चरची. तीही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी व्हायला हवी. नको तिथे अँटिबायोटिक दिल्यामुळे जिवाणू निर्ढावतात. साध्या गोळ्यांनी बरा होणारा टायफॉइड आज त्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि पुढच्या रुग्णाचं बिल वाढतं.

आणि रिपोर्टचं म्हणाल तर ताईंच्या मुलीचा रिपोर्ट आम्हीच लिहिला होता. ‘साल्मोनेला, शिगेला आढळले नाहीत.’ तो खोटा नव्हता. भातातल्या जिवाणूचा शोध नेहमीच्या तपासणीत घेतला जात नाही आणि भाताचा नमुना कुणी ठेवला नव्हता. पातेलं सकाळीच घासून ठेवलेलं. आम्ही वर जे सांगितलं तो लक्षणांवरून आणि वेळेवरून बांधलेला अंदाज आहे, पुरावा नाही. अन्नसुरक्षा कायद्यात, म्हणजे २००६ च्या कायद्यात, असुरक्षित अन्नाने इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे, मृत्यू झाल्यास किमान पाच लाखांची. पण पुरावा नसला तर कायदा काय करील? आणि प्रसादाविरुद्ध तक्रार करायला ताई कुठे जाणार?

आता उपाय. ते फार साधे आहेत, म्हणूनच आपण करत नाही.

एक. शिजवलेलं अन्न दोन तासांत संपवावं, नाहीतर ६० अंशांच्या वर कडकडीत गरम ठेवावं. अन्न द्यायचंच असेल तर पंगत उठल्या उठल्या, दुपारी तीनच्या आत द्यावं. भांडी घासणाऱ्या बायकांना सर्वांत शेवटी, उरलेलं द्यायचं ही आपली पद्धत आहे. ती उलटी करू. त्यांचं पान पहिल्या पंगतीत मांडू. आरोग्याचा प्रश्न सुटेल आणि मानाचाही.

दोन. भात उरलाच तर पातेल्यात झाकून ठेवू नये. परातींत पातळ पसरून लवकर थंड करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. ते जमत नसेल तर संध्याकाळी टाकून द्यावा. अन्न टाकताना हात अडखळतो, आमचाही अडखळतो. पण ते पूर्णब्रह्म आहे म्हणूनच बिघडल्यावर कुणाच्या पानात वाढू नये.

तीन. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डब्यात, तारीख-वेळ घालून, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावा. धार्मिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांनाही २०११ च्या नियमांत नोंदणी सांगितली आहे. तीही सचिवांनी पाहून घ्यावी.

चार. स्वयंपाकघरात ज्याला जुलाब, ताप किंवा हातावर पिकलेली जखम असेल त्याला त्या दिवशी घरी पाठवावं, पण त्याची मजुरी कापू नये. मजुरी कापली तर तो आजार लपवणार. जखमेतल्या स्टॅफिलोकॉकसचं विषही उकळून जात नाही. टायफॉइडमधून बरे झालेल्यांपैकी काहींच्या पित्ताशयात जिवाणू वर्षानुवर्षं राहतो आणि त्यांना स्वतःला काहीच जाणवत नाही. म्हणून साबणाने हात धुणं सर्वांना सारखंच लागू, आचाऱ्यापासून अध्यक्षांपर्यंत.

पाच. टायफॉइडची नवी लस आपल्याच देशात, हैदराबादेत तयार होते. एकच टोचणी, सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली ती मुलांना मोहीम काढून दिली, सरकारी पातळीवर जगात पहिल्यांदा. भाताच्या त्या प्रकारावर तिचा उपयोग नाही, पण आपल्या मांडवात राबणाऱ्यांच्या मुलांना ती मंडळाच्या खर्चाने टोचता येईल.

सहा. जुलाब लागले की आधी ओआरएस. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो माणसं वाचवली. तीच पुडी आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लहान मुलाला सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली की मात्र घरी थांबू नये. म्हाताऱ्या माणसांबाबतही तेच. ती तहान लागली म्हणून सांगत नाहीत.

आता कोषाध्यक्षांना एक विनंती. दर वर्षी आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर जमाखर्च छापला जातो. त्या वर्षीचं पान आम्ही काढून पाहिलं. तांदूळ, तेल, साखर, आचारी, मांडव, सगळं रुपया-पैशासह होतं आणि खाली ‘शिल्लक’ म्हणून लहानशी रक्कम. ती शिल्लक खरी नव्हती. त्यातले १०,४०० रुपये एका ताईंनी भरले होते आणि बाकीच्या घरांनी किती भरले ते आपण विचारलंही नाही. यंदापासून महाप्रसादाच्या खर्चात ‘स्वच्छता व मदतनिसांचं आरोग्य’ अशी एक ओळ घाला. परातींना, साबणाला, लशीला आणि आजारी माणसाच्या न कापलेल्या मजुरीला मिळून जे लागेल ते. आमच्याकडून त्या ओळीत पहिले १०,४०० रुपये जमा करून घ्या. ही देणगी म्हणून छापू नका. ती जुनी बाकी आहे.

ताई यंदाही येणार आहेत. मुलगी आता शाळेत जाते, गेल्या आठवड्यात मांडवात आरतीच्या वेळी टाळ वाजवत होती. यंदा तिचं पान पहिल्या पंगतीत असेल आणि ते आम्ही वाढू, गरम असतानाच.

 गणपती बाप्पा मोरया!